कानाचं मशीन आणि विहिरीवरची बाभूळ



गेले तीन शनिवार इथं शुकशुकाट होता. कारण नेहमीचंच. रिलीज, रिलीजनंतरचे बग्ज आणि बग्जनंतरची झोप. दोघा-तिघांनी 'लिहिणं सोडलंस का?' म्हणून विचारलं. बरं वाटलं. म्हणजे कुणीतरी वाचतं तर. :)

मधल्या एका वीकएंडला गावी जाऊन आलो. गाव चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. पूर्णा जंक्शनहून गाडी नांदेडकडे निघाली की आमचं स्टेशन लागतं. एक्सप्रेसमध्ये बसला असाल तर पाटीवरचं नाव वाचून होईस्तोवर गाव मागं पडलेलं असतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर, मध्येच कुठं ऊस. बस, एवढंच. बघण्यासारखं काही नाही असं मी स्वतःच बारा वर्षं लोकांना सांगत आलोय.

या वेळी बॅगेत आबांसाठी कानाचं मशीन होतं.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय चौऱ्याऐंशी. गेल्या सहा-सात वर्षांत ऐकणं कमी कमी होत गेलं. मशीन घेऊ म्हटलं की 'आता काय ऐकायचं राहिलंय?' म्हणून उडवून लावायचे. गेल्या दिवाळीत मात्र एकदम तयार झाले. फक्त एक विचारलं, "त्या मशीननं सुगरणी ऐकू येतेत का रं?"

आमच्या विहिरीवर एक जुनी बाभूळ होती, अर्धी विहिरीवर वाकलेली. पावसाळा लागला की तिच्यावर सुगरणींची घरटी लटकायची. खाली पाणी, वर काटे. साप यायला बिचकतो, पोरांचे हात पोचत नाहीत. सुगरणीला जागेची अक्कल आपल्या बिल्डर लोकांपेक्षा जास्त. खरं तर घरटं विणतो तो नर. माझ्या लहानपणी आबा दुपारी विहिरीवर बसून त्यांचं विणकाम बघायचे आणि मला म्हणायचे, "गप बस जरा. ऐक." मी एक मिनिट गप्प बसायचो आणि मग विहिरीत खडा टाकायचो.

तर मी दिवाळीत छातीठोक सांगितलं, "येतात म्हणजे काय आबा! डिजिटल मशीन असतंय."

जुलैत शनिवारी सकाळी घरी पोचलो. चहा झाला, मशीन बसवलं, आवाज कमी-जास्त केला. आबांनी पहिल्यांदा काय ऐकलं असेल तर आईनं स्टीलचा तांब्या ठेवल्याचा आवाज. केवढे दचकले! मग मी उत्साहात म्हटलं, "चला आबा, विहिरीवर जाऊ."

दादा (माझे वडील) म्हणाले, "आत्ताच कशाला? संध्याकाळी जा." आई चुलीकडे वळली. माझ्या लक्षात काही आलं नाही. आबांनी मात्र काठी घेतली आणि निघाले.

विहिरीवर बाभूळ नव्हती. करवतीनं कापलेला बुंधा होता, वरची कड कोरी सिमेंटची होती, आणि आकाश एकदम मोठं झालं होतं.

आबा नेहमीच्या जागेवर बसले. मोटार चालू होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोटार ऐकू यायली." आणि जरा वेळानं, माझी समजूत घालावी तसं, "चांगलंय मशीन."

मी दादांना विचारलं, कधी तोडली? का तोडली? जरा आवाज चढवूनच विचारलं. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुला विचारूनच तोडली की."

आणि ते खरं होतं.

मे महिन्यात दादांचा फोन आला होता. सकाळी दहाची वेळ, म्हणजे आमची स्टँडअप. मी लॅपटॉपवर म्यूट करून, एका कानात मीटिंग आणि दुसऱ्या कानाला फोन लावून बसलेलो. दादा सांगत होते की विहिरीची कड ढासळली, बाभळीची मुळं बांधकामात शिरलीत, मिस्त्री म्हणतोय झाड काढल्याशिवाय बांधता येणार नाही. आबा तेव्हा पंधरा दिवसांसाठी गंगाखेडला आत्याकडे गेले होते. त्यांना फोनवर काही कळत नाही. "तूच सांग काय करू." आणि मी म्हणालो होतो, "हो दादा, करा. पैसे टाकतो." पुढच्या क्षणी अनम्यूट होऊन मी सांगितलं की माझ्याकडचं तिकीट आज क्लोज होईल. ते तिकीट कशाबद्दल होतं हे आज मला आठवत नाही.

दादांची काही चूक नाही. विहीर ढासळली तर पीक जातं. त्यांनी विचारलं होतं. मी उत्तरही दिलं होतं. फक्त मी ऐकलं नव्हतं.

रात्री गच्चीवर झोप येईना. आणि मला एकदम जर्मनीतली ती बाई आठवली. (मंडळी, हे वळण अचानक आहे, पण थोडं सोबत या.)

दोन वर्षांपूर्वी तीन महिने फ्रँकफुर्टला ऑनसाइट होतो. शनिवारी-रविवारी करायला काही नसायचं. एकदा ऱ्हाईन नदीकाठी रुडेसहाइम नावाच्या गावी गेलो. नदीच्या वर द्राक्षांचे मळे आणि त्या मळ्यांच्या वर आयबिंगेनचा मठ. आजची इमारत १९०४ सालची, पण मठाचं मूळ जातं बाराव्या शतकात, हिल्डेगार्ड नावाच्या एका साध्वीपाशी. बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी तिथं राहतात, मळे सांभाळतात, वाइन करतात आणि दिवसातून ठरलेल्या वेळी प्रार्थना गातात. मी मागच्या बाकावर बसून अर्धा तास ते गाणं ऐकलं. लॅटिनचा एक शब्द कळला नाही. साथीला ना टाळ ना मृदंग, माइकसुद्धा नाही. एक ओळ संपली की सगळ्या एकदम थांबायच्या, आणि त्या थांबण्यात शेवटचा सूर घुमटात विरताना ऐकू यायचा. मग दुसरी ओळ. मला वाटलं, या बायका गातात त्यापेक्षा जास्त ऐकतात.

परत येऊन वाचायला लागलो. सगळ्यात आधी एक गोष्ट सापडली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. या जोगिणी ज्या नियमांनुसार राहतात ती संत बेनेडिक्टची नियमावली सहाव्या शतकातली. तिचा पहिला शब्द काय असावा? 'देव' नाही, 'पाप' नाही, 'प्रार्थना' नाही. पहिला शब्द आहे 'ऐक'. आणि पुढं लगेच सांगितलंय की नुसत्या डोक्याच्या कानानं नको, मनाचा कान लावून ऐक. शेकडो पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी वाचलेलं आहे, पण 'ऐक' या शब्दानं सुरू होणारं एकही नाही.

आता हिल्डेगार्डबद्दल. जन्म १०९८, मृत्यू १७ सप्टेंबर ११७९. लहानपणीच मठाला वाहिलेली मुलगी. पुढं तिनं स्वतःचा मठ काढला, दृष्टान्त लिहिले, गाणी रचली, झाडपाल्याच्या औषधांवर लिहिलं, राजांना आणि पोपला खरमरीत पत्रं पाठवली. २०१२ साली रोमन कॅथलिक चर्चनं तिला 'आचार्य' हा मान दिला. म्हणजे आठशे तेहेतीस वर्षांनी. सरकारी कामाला लागणारा वेळ सगळीकडे सारखाच म्हणायचा. :)

तिच्या लिखाणात एक लॅटिन शब्द सारखा येतो, 'व्हिरिडिटास'. शब्दशः हिरवेपण. पण नुसता रंग नव्हे. झाडात, मातीत, माणसाच्या अंगात आणि मनातही जी जिवंत ओलसर शक्ती आहे ती. तिच्या उलट काय, तर कोरडेपणा. जे सुकलं ते देवापासून तुटलं. इंग्रजीत यावर जाडजाड पुस्तकं आहेत आणि मला ती वाचताना समजायला जड गेली. मग लक्षात आलं की आपल्याकडं याला साधा शब्द आहे. ओल.

आमच्याकडं पेरणीआधी आबा रानात जायचे. खुरप्यानं वीतभर माती उकरायचे, मूठभर उचलून दाबायचे आणि मूठ उघडायचे. गोळा झाला तर ओल आहे, भुगा झाला तर थांब. पाऊस पडला म्हणून पेरायचं नसतं, ओल किती खोल गेली ते बघून पेरायचं असतं. लोक घाई करायचे, दुबार पेरणी करायचे. आबा थांबायचे. 'जमीन सांगती,' म्हणायचे. मला तेव्हा ती म्हण वाटायची. आता वाटतं ते रिपोर्टिंग होतं. जमीन सांगत होती आणि ते ऐकत होते.

हिल्डेगार्डचं दुसरं एक पुस्तक आहे, ११५८ ते ११६३ या काळातलं, माणसाच्या गुणदोषांवरचं. त्यात एका ठिकाणी महाभूतं देवाकडं तक्रार घेऊन जातात. वारा, पाणी, अग्नी, पृथ्वी मोठ्यानं ओरडतात की आम्हाला नेमून दिलेल्या वाटेनं आता चालता येत नाही, माणसांनी त्यांच्या वाईट कर्मांनी आम्हाला उलटंपालटं केलंय, आमच्या अंगाला घाण येतेय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारीख पुन्हा तपासली. कारखाना नाही, डिझेल नाही, प्लास्टिक नाही, कीटकनाशक नाही, आणि ही बाई लिहितेय की पाण्याला आणि हवेला तक्रार आहे.

अर्थात तिला आजच्यासारखी पर्यावरणवादी करून टाकणं चुकीचं ठरेल. तिच्या लेखी घाण होती ती पापाची. सृष्टीच्या मधोमध तिनं माणसालाच उभं केलंय. पण म्हणूनच तर जबाबदारीही माणसाचीच. मधोमध उभा राहणारा हलला की सगळं हलतं.

एक गंमत सांगतो. त्यांच्याकडं महाभूतं चार, आपल्याकडं पाच. आपलं जास्तीचं पाचवं म्हणजे आकाश. आणि आपल्या शास्त्रात आकाशाचा गुण कोणता सांगितलाय? शब्द. आवाज. म्हणजे ऐकण्यासाठी आधी मोकळी जागा लागते. डोक्यात स्टँडअप चालू असेल तर आकाश उरतच नाही.

हिल्डेगार्डनं एक संगीतनाटकही रचलं. त्यात सगळे सद्गुण गातात, आत्मा गातो, फक्त सैतान गात नाही. तो नुसता ओरडतो. त्याला सूर दिलेलाच नाही. आणि तिच्या आयुष्याच्या शेवटी तिच्यावरच गप्प बसायची वेळ आली. ११७८ साली तिनं मठाच्या जागेत एका सरदाराला पुरू दिलं. त्याला कधीकाळी धर्मबहिष्कृत केलेलं होतं. हिचं म्हणणं, मरण्याआधी त्याचा चर्चशी समेट झालेला होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला, प्रेत उकरून बाहेर टाका. हिनं नकार दिला. शिक्षा म्हणून मठात गाणं बंद. ऐंशी वर्षांची म्हातारी, गाणं हाच जिचा श्वास, तिला सांगितलं की प्रार्थना फक्त हळू आवाजात म्हणायची. तिनं पत्र लिहिलं, त्यात संगीत माणसाला का हवं हे मांडलं आणि गाणं बंद करणाऱ्यांना परिणामांचा इशाराही दिला. ११७९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी ती गेली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. हिल्डेगार्डच्या मठात फक्त खानदानी घरच्या मुली घेत. तेंग्सविख नावाच्या दुसऱ्या एका मठप्रमुख बाईनं तिला पत्र लिहून विचारलं की येशूनं तर गरीब कोळी निवडले, मग तुमच्याकडं असं का? हिल्डेगार्डनं उत्तरात उच्चनीचतेचं समर्थन केलं. वाऱ्याची, पाण्याची तक्रार जिला ऐकू आली तिला गरीब घरची पोर दाराबाहेर ऐकू आली नाही. हे वाचून मी तिच्यावर चिडलो होतो. त्या रात्री गच्चीवर तेवढ्या जोरात चिडता आलं नाही.

तिच्यानंतर साधारण शंभर वर्षांच्या आत इटलीत फ्रान्सिस झाला. असिसीचा. श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा, सगळं सोडून भिक्षेवर राहिला. तो पक्ष्यांना उपदेश करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की त्याच्या सगळ्यात जुन्या चरित्रात, त्या प्रवचनानंतर त्याला वाईट वाटलेलं आहे. का, तर इतकी वर्षं पक्ष्यांशी बोलायचं आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून. त्याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. आल्व्हियानो गावात तो बोलायला उभा राहिला आणि पाकोळ्यांच्या गलक्यात लोकांना काही ऐकू येईना. त्यानं दगड मारायला लावले नाहीत. त्यांना बहिणी म्हणून विनंती केली की तुमचं बोलून झालं असेल तर आता मला बोलू द्या. म्हणजे त्याच्या हिशोबात आधी त्यांची पाळी होती.

१२२५च्या सुमारास, आजारी असताना, डोळे जवळपास गेलेले, उजेड सहन होत नाही अशा अवस्थेत त्यानं सूर्याचं स्तोत्र रचलं. सूर्य भाऊ, पाणी बहीण, पृथ्वी बहीणही आणि आईही. आणि ते लॅटिनमध्ये नाही, तिथल्या साध्या माणसांच्या बोलीत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर जे परिपत्रक काढलं, त्याचं नावही याच स्तोत्रातल्या शब्दांवरून घेतलं.

फ्रान्सिस गेला १२२६ ला. ज्ञानेश्वरी झाली १२९० ला. मधे जेमतेम चौसष्ट वर्षं. तिकडं आणि इकडं एकमेकांची गंधवार्ता नाही, पण इकडंही मोठ्या भाषेतून लोकांच्या भाषेत उतरणं चाललेलं आहे. आणि इकडंही 'ऐक' आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच होतो श्रोत्यांकडं अवधान मागून. तुम्ही फक्त लक्ष द्या, बाकी सगळं सुख त्यातच आहे असा तिथला भाव. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा ऐकून लिहीत गेले. म्हणजे आपला हा सगळ्यात मोठा ग्रंथ मुळात एका माणसानं नीट ऐकलं म्हणून आपल्याकडं आहे.

तेराव्या शतकातच गोदाकाठानं चक्रधरस्वामी फिरत होते. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र केलं. त्यातली सशाची गोष्ट आमच्या मराठीच्या सरांनी शिकवली होती. शिकारी कुत्री मागं लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. शिकारी मागतात, स्वामी देत नाहीत. शिकाऱ्यांना समजावून परत पाठवतात आणि मग सशाला निरोप देतात. एखाद्या पाहुण्याला द्यावा तसा, 'महात्मा' म्हणून. शाळेत आम्ही त्या 'महात्मे' शब्दावर हसलो होतो. आज वाटतं, सगळी गोष्ट त्या एका संबोधनात आहे. ज्याला तुम्ही अहो-जाहो करता त्याचं म्हणणं तुम्ही आपोआप ऐकता.

या दोन परंपरा मराठीत एकमेकींना भेटल्यासुद्धा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ ला गोव्यात आला. इथली भाषा त्यानं इतकी कान देऊन ऐकली की १६१६ ला राचोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! परक्या माणसाला ओवीची चाल पुस्तकातून येत नाही.

आणि अगदी आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नावातच फ्रान्सिस. १९४२ साली वसईतल्या नंदाखाल गावी जन्म. 'सुवार्ता' मासिकाचे बरीच वर्षं संपादक, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करणारे, तुकोबांवर जीव असलेले. वसईच्या केळीच्या बागा, विहिरी आणि हिरवा पट्टा बांधकामाच्या घशात जाऊ लागला तेव्हा या धर्मगुरूंनी हरित वसई संरक्षण समितीतून लढा दिला. विहिरींचं पाणी टँकर उपसून नेत होते. विहिरींच्या बाजूनं बोलणाऱ्यात हा पांढऱ्या झग्यातला माणूस पुढं होता. धमक्या आल्या, मागं हटले नाहीत. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला (आताचं धाराशिव) त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. तब्येत बरी नसतानाही आमच्या मराठवाड्यात येऊन बोलले. २५ जुलै २०२४ ला गेले. हिल्डेगार्डनं पाण्याची तक्रार ऐकली आणि लिहून ठेवली. दिब्रिटोंनी ऐकली आणि रस्त्यावर आले. फरक म्हणाल तर एवढाच.

असो. हे सगळं मला माहीत होतं, मंडळी. हाच तर मुद्दा आहे. मे महिन्यात दादांचा फोन आला तेव्हा मी हे सगळं वाचलेलं होतं. हिरवेपणावरची पुस्तकं माझ्या किंडलवर होती. मित्रांना जेवताना मी 'व्हिरिडिटास' समजावून सांगत होतो. आणि विहिरीवरची बाभूळ मी म्यूटवर असताना तोडायला सांगितली.

माझ्याकडं चांगले महागाचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आहेत. ते काय करतात? बाहेरचा आवाज माइकनं पकडतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून त्यावर सोडतात. दोन्ही मिळून शून्य. उत्तम इंजिनिअरिंग आहे, मला खरंच कौतुक वाटतं. पण त्यात 'बाहेरचा आवाज म्हणजे गोंगाट' हे आधीच धरलेलं असतं. दादा त्या दिवशी माझ्यासाठी बाहेरचा आवाज होते. आबांचं मशीन याच्या उलट. ते मोटार, तांब्या, माणूस, पाखरू सगळं मोठं करतं. नव्या मशीनमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, पण कशाकडं लक्ष द्यायचं हे मशीन ठरवत नाही. आबांनी सहा-सात वर्षं जवळपास काही न ऐकता सुगरणी ऐकल्या. डोळ्यांनी. चोच कशी उघडते, नर पंख कसे फडफडवतो, ते बघून. आणि दिवाळीत त्यांनी मशीन मागितलं ते फक्त त्या आवाजासाठी.

रविवारी सकाळी पुन्हा विहिरीवर गेलो, एकटाच. आमचे सालगडी मामा तिथं दारं धरत होते. वीस-बावीस वर्षं आमच्याकडं आहेत. सहज म्हणालो, "मामा, एवढी जुनी बाभूळ होती." ते म्हणाले, "मुळं एकाच अंगानं शिरली होती, मालक. तेवढी तोडली असती आन् विहिरीकडची फांदी ठिवली असती तर भागलं असतं. मिस्त्रीला सगळंच सोपं पाहिजे."

"मग दादांना सांगायचं ना!"

मामा हसले. "मला कुणी इचारलं?"

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला 'मालक' म्हणतो आणि मी त्याला मामा. तेंग्सविख बाईंचं पत्र आठशे-नऊशे वर्षं फिरत फिरत चुडाव्याला पोचलं असं वाटलं. आत्याचं गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण करणारी, आणि सातशे वर्षं झाली तरी महाराष्ट्र तिचं ऐकतोय. ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण तिच्या गावापासून इतक्या जवळ आमच्या विहिरीवर वीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि मी त्यातलाच एक.

दादांशी दुपारी बोललो. चढ्या आवाजाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे. मलाबी वाटलं होतं आबा येईपर्यंत थांबावं. पण पाऊस तोंडावर होता." मग खूप वेळ विहिरीचं, मिस्त्रीचं, कापसाच्या भावाचं बोलत राहिले. मी फोन आत ठेवून आलो होतो. गेल्या कित्येक वर्षांत दादा इतके बोलले नव्हते, की बोलत होते आणि मीच नव्हतो, कोण जाणे.

सुगरणी गेल्या कुठं? मामा म्हणाले, ओढ्याच्या पलीकडं शेजाऱ्याच्या रानात एक बाभूळ आहे, तिथं या वर्षी घरटी जास्त दिसतात. त्याच असतील असं नाही. असल्या तर बरं.

निघायच्या आधी आबा मला गोठ्यामागं घेऊन गेले. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून पडतात आणि पावसाळ्यात रुजतात. तिथं वीतभर उंचीचं एक रोप होतं. आबांनी त्याच्याभोवती काट्या रोवल्या होत्या, शेळ्यांपासून. ज्या शेळ्यांनी पेरलं त्यांच्यापासूनच राखायचं. विहिरीपासून जरा लांब लावायचं ठरलंय, मुळं बांधकामात जाणार नाहीत अशा बेतानं, पण फांदी पाण्यावर यायला हवी. जागा कुठली हे मामांना विचारून ठरवायचं, असं दादा स्वतःहून म्हणाले.

"मशीनची ग्यारंटी किती वर्षांची रं?" आबांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"आन् घरटी लागण्याजोगी बाभूळ व्हायला?"

मी म्हटलं, आठ-दहा वर्षं लागतील. आबांनी हिशोब केला. चौऱ्याऐंशी अधिक दहा. मग कानातलं मशीन काढून नीट डबीत ठेवलं आणि म्हणाले, "सेल वाचवून ठिवायला पाहिजेत मग."

आता रविवारी संध्याकाळी फोन करतो तेव्हा लॅपटॉप बंद असतो. दादा बोलतात, मग आबा येतात. आबांना फोनवर अजूनही नीट कळत नाही, त्यामुळं ते स्वतःच बोलत राहतात आणि मी ऐकतो. मागच्या रविवारी त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला. पाऊस चालू होता. बेडकांचा नुसता कालवा.

बाकी पुढच्या शनिवारी. रिलीज नसलं तर. :)